कार्टूनमध्ये प्रभू कशाला शोधता?

उपासना संपल्यावर चर्चच्या पायऱ्यांवर, लग्नाच्या पंगतीत आणि आता फोनवरही मला एकच प्रश्न विचारला जातो: पवित्र शास्त्र हाताशी असताना शब्बाथ शाळेतल्या, म्हणजे रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गातल्या, मुलांना कार्टून का दाखवता, आणि त्यात प्रभू येशू कशाला शोधता? ख्रिस्ती नसलेले सहकारी हाच प्रश्न उलट बाजूने विचारतात. मुलांच्या साध्या करमणुकीत मी धर्म घुसवतो, असे त्यांचे म्हणणे असते. आजवर दोघांनाही मी तुटक उत्तरे दिली. तुम्ही पुन्हा विचारलेत, म्हणून या वेळी सगळे लिहितो.

शास्त्र मी सोडलेले नाही. महिन्यातून एका रविवारी मी पडदा लावतो आणि त्या दिवशीही आधी वचन वाचले जाते. अथेन्समध्ये अरीयपग टेकडीवर उभ्या राहिलेल्या प्रेषित पौलाने ग्रीक कवींचेच शब्द ग्रीकांना ऐकवले होते. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली ख्रिस्ताची कथा ओवीत सांगितली, आणि रेव्हरंड टिळक तर तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापर्यंत आल्याचे सांगत. ही उदाहरणे मी वर्षानुवर्षे ढालीसारखी पुढे केली. आता मान्य करतो की ती ढाल अपुरी आहे, कारण ओवी आणि अभंग भक्तीतच वाढले, आणि मी दाखवतो ते चित्रपट तिकिटे विकण्यासाठी काढलेले असतात.

त्याहून मोठी चूक माझ्या शिकवण्यात होती. २००३ च्या ‘फाइंडिंग निमो’मधला लहान मासा बापाचे न ऐकता खोल पाण्याकडे जातो आणि पाणबुड्याच्या हाती सापडतो. तो चित्रपट दाखवून मी फळ्यावर लिहीत असे: ‘बोध: आईवडिलांची आज्ञा पाळा.’ तो चित्रपट मुख्यतः बापाचा आहे, हे माझ्या ध्यानातच येत नसे. भित्रा बाप एका लेकरासाठी अख्खा समुद्र पालथा घालतो. लूकच्या शुभवर्तमानातल्या पंधराव्या अध्यायात येशूने सांगितलेल्या दाखल्यातला मेंढपाळ नव्याण्णव मेंढरे रानात ठेवून एकाच्या मागे जातो. त्या दाखल्यात मेंढराला कोणी आज्ञापालनाचा धडा देत नाही. अर्थात हे साम्यही मी ताणू नये. त्या बापाला शेवटी स्वतःची भीती सोडायला शिकावे लागते, आणि देवाला तसे काही शिकावे लागत नाही. बोलक्या भाज्यांच्या ‘व्हेजीटेल्स’ या ख्रिस्ती मालिकेचे एक निर्माते फिल व्हिशर यांनी पुढे कबूल केले की आपण मुलांना ख्रिस्ती वागणूक शिकवत राहिलो, ख्रिस्ती विश्वास नव्हे. ते वाचले तेव्हा मला माझा फळा आठवला.

आता जे आजवर कोणालाच सांगितले नव्हते, ते सांगतो.

२०१७ च्या पावसाळ्यात माझी पत्नी प्रभूमध्ये झोपी गेली. मुलगी नऊ वर्षांची होती. अंत्यविधीच्या दिवसापासून मी तिला एकच सांगत राहिलो: मम्मी प्रभूजवळ आहे, तिला आता दुखत नाही, आपण रडायचे नाही. ‘प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा’ हे शास्त्रातल्या फिलिप्पैकरांस पत्रातले वचन मी मोठ्या अक्षरांत लिहून तिच्या टेबलासमोर चिकटवले होते. ती रडली नाही. मंडळीतल्या बायका म्हणत, किती धीराची पोर आहे, आणि मला त्याचा अभिमान वाटे. शाळेतून मात्र निरोप येऊ लागला की ती वर्गात बोलत नाही. डबा जसाच्या तसा परत येई, आणि मी तो धुऊन दुसऱ्या दिवशी पुन्हा भरून देई.

सप्टेंबरमधल्या एका शनिवारी रात्री, दुसऱ्या दिवशीच्या वर्गासाठी मी ‘इन्साइड आउट’ बघत होतो. चित्रपट २०१५ चा, दिग्दर्शक पीट डॉक्टर, जे स्वतः ख्रिस्ती आहेत. माझ्या वहीत तेवढेच टिपलेले होते. अकरा वर्षांच्या मुलीच्या मनातल्या भावना त्यात पात्रे होऊन वावरतात. तिच्या बालपणीच्या काल्पनिक सवंगड्याची गाडी कचऱ्यात फेकली जाते आणि तो खचून बसतो. पिवळ्या रंगाचा आनंद त्याला गुदगुल्या करतो, वेडीवाकडी तोंडे करून दाखवतो. निळे दुःख नुसते शेजारी बसते, तुझी आवडती वस्तू गेली असे म्हणते आणि ऐकत राहते. सवंगडी रडतो, आणि मग उठून चालू लागतो.

मुलगी कधी येऊन मागे उभी राहिली, मला कळले नाही. ती म्हणाली, “पप्पा, तुम्ही ते पिवळे आहात.”

मी चित्रपट थांबवला. तिला काहीतरी समजावून सांगायला तोंड उघडले, आणि ते समजावणेही पिवळेच ठरले असते हे जाणवून गप्प राहिलो. ती माझ्याशेजारी बसली. मी एवढेच म्हणालो की मम्मीची मलाही फार आठवण येते. त्यानंतर आम्ही दोघे किती वेळ रडलो ते मला सांगता येणार नाही. दुसऱ्या दिवशी मी वर्ग घेतला नाही.

त्या आठवड्यात मी शास्त्रातले ईयोबाचे पुस्तक काढले. ईयोबाने मुलेबाळे आणि सर्वस्व गमावलेले असते. त्याचे तिघे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले, एक शब्दही बोलले नाहीत; त्यांचे बिघडले ते बोलू लागल्यावर. मरण पावलेल्या लाजराला आपण पुन्हा जिवंत उठवणार हे ठाऊक असूनही त्याच्या बहिणीला रडताना पाहून येशू रडला. ही दोन्ही ठिकाणे मी कित्येकदा शिकवली होती आणि घरात दुःख आले तेव्हा मला त्यांतले एकही आठवले नाही. तुम्ही म्हणाल, मग शास्त्रातच सगळे होते, कार्टूनची गरज काय होती? यावर माझ्यापाशी नीट उत्तर नाही. गरज नव्हती, असे शपथेवर म्हणायची माझी तयारी नाही. देव चित्रपटातून बोलला असे म्हणायलाही मी धजत नाही, कारण तसे म्हणू लागलो तर उद्या कोणत्याही पडद्यावर मला हवे तेच ऐकू येईल. माझी मुलगी आता मोठी झाली आहे. ती म्हणते, “पप्पा, तुम्ही त्यात फार अर्थ काढता. मला तेव्हा नुसतं कोणीतरी जवळ बसायला हवं होतं.”

मी पडदा अजून लावतो, फळ्यावर बोध मात्र लिहीत नाही. गेल्या महिन्यात एका आईने तक्रार केली की तिचा मुलगा वर्गातून काहीच न शिकता घरी येतो. निदान एक वचन तरी पाठ करून घ्या, असे ती म्हणाली. तिचे म्हणणे मला चुकीचे वाटत नाही. येत्या रविवारी फिलिप्पैकरांस पत्रातले तेच वचन द्यावे का, याचा मी विचार करतो आहे.