घरच्या चॉकलेटला चकाकी कशी येते

माझी शेंगदाणा-चॉकलेटं ज्यांना ज्यांना वाटली, त्यांच्यापैकी बहुतेकांचा एकच प्रश्न असतो: "चॉकलेट वितळवून साच्यात तर आम्हीही ओततो. मग आमची अशी चमकत का नाहीत? आणि चार दिवसांत पांढरट का पडतात?" तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर सांगते. यात हातगुण वगैरे काही नाही, सगळा खेळ तापमानाचा आहे आणि तो कुणालाही जमतो.

सुरुवात पाकीट उलटून वाचण्यापासून करा. घटकांमध्ये कोको बटर असेल तर ते खरं चॉकलेट. त्याच्या जागी दुसरं वनस्पती फॅट असेल तर ते कंपाउंड. कंपाउंड नुसतं वितळवून ओतलं तरी व्यवस्थित सेट होतं, त्यामुळे लहान मुलांना हाताशी घेऊन करायचं असेल तेव्हा ते सोयीचं आहे. पण जिभेवर त्याचा मेणचटपणा रेंगाळतो. कुणाला द्यायचं असेल तर मी खरंच चॉकलेट घेते.

खऱ्या चॉकलेटमधलं कोको बटर गोठताना सहा वेगवेगळ्या प्रकारचे स्फटिक बनवू शकतं. आपल्याला हवा असतो त्यातला पाचवा. तो साधारण ३४ अंश सेल्सिअसला वितळतो, म्हणजे शरीराच्या तापमानाच्या जरासा खाली. म्हणून तर चांगलं चॉकलेट मोडताना कट्‌कन तुटतं आणि जिभेवर ठेवलं की विरघळतं. नुसतं वितळवून गार केलं की भलतेच स्फटिक तयार होतात, ते हळूहळू रूप बदलतात आणि वर पांढरी झाक येते. ती बुरशी नव्हे, खायला काही धोका नाही. पण चव आणि चकाकी दोन्ही गेलेली असते.

हवा तोच स्फटिक बनवून घेणं म्हणजे टेम्परिंग. मी करते ती पद्धत अशी: डार्क चॉकलेट बारीक चिरून त्याचा एक तृतीयांश भाग बाजूला ठेवते. उरलेलं गरम पाण्यावरच्या कोरड्या भांड्यात ४५ ते ५० अंशांपर्यंत वितळवते. भांडं खाली उतरवून बाजूचे तुकडे थोडे थोडे घालते आणि ३१-३२ अंशांवर येईपर्यंत ढवळत राहते. मिल्क चॉकलेट असेल तर २९-३०. त्या तुकड्यांमधले चांगले स्फटिक बाकीच्या चॉकलेटला वळण लावतात. इथे घाई अजिबात करू नका. सुरुवातीला चमच्यावरून पाण्यासारखं ओघळणारं चॉकलेट हळूहळू दाटसर होतं, त्याची धार जड पडायला लागते. मग सुरीच्या पात्यावर पातळ थर लावून बघायचा. पाचेक मिनिटांत तो न चिकटता, एकसारखा चमकत सुकला तर जमलं. पट्टे दिसले तर अजून ढवळा. स्वयंपाकघरातला साधा डिजिटल थर्मामीटर असेल तर हे काम फारच सोपं होतं. पाण्याचा मात्र एक थेंबही आत जाऊ देऊ नका, सगळं चॉकलेट घट्ट, रवाळ होऊन बसतं.

आता सारण. शेंगदाणे मंद आचेवर आतपर्यंत भाजून, सालं पाखडून मिक्सरला लावा. आधी कूट होतं, मग त्याचा गोळा होऊन भांड्याच्या कडेला चिकटतो. इथेच बरेच जण वरून तेल घालतात. घालू नका. मिक्सरला विश्रांती द्या, कडा खरवडा, पुन्हा फिरवा. दाणे स्वतःचं तेल सोडतात आणि गोळा अचानक सैल, तुकतुकीत होतो. हेच पीनट बटर. २०० ग्रॅम पीनट बटरला ८० ग्रॅम पिठीसाखर, ४० ग्रॅम वितळवलेलं चॉकलेट आणि मीठ. मीठ विसरू नका, त्याशिवाय शेंगदाण्याची चव उठत नाही.

सारणात चॉकलेट घालण्याला कारण आहे. शेंगदाण्याचं तेल नेहमीच्या तापमानाला पातळच राहतं आणि बाहेरच्या कवचात झिरपत जातं. कवच मऊ पडतं, पुन्हा तीच पांढरी झाक येते. चॉकलेट आणि साखर हे झिरपणं लांबवतात, थांबवत नाहीत. त्यामुळे टेम्परिंग उत्तम जमलं तरी ही चॉकलेटं दोन आठवड्यांच्या आत संपलेली बरी. शिवाय सारण ना गरम असावं ना फ्रिजमधलं गार. गरम सारणाने कवचाचं टेम्परिंग बिघडतं, आणि गार सारण नंतर फुगून कवचाला तडे पाडतं.

साचा नसेल तर कागदी कप वापरा. हॅरी बर्नेट रीस यांनी १९२८ मध्ये अमेरिकेतल्या हर्शी गावात पीनट बटरचे कप बनवायला सुरुवात केली, आणि तो आकार आजही टिकून आहे, कारण मऊ सारण त्यात आपसूक सावरलं जातं. तळाला चॉकलेट, मध्ये सारण कडांना न लागता, वर पुन्हा चॉकलेट.

वाटताना एका गोष्टीत मी तडजोड करत नाही. डब्यावर मोठ्या अक्षरांत लिहा: यात शेंगदाणे आहेत. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या माणसाचा अगदी थोड्या अंशानेही जीव धोक्यात येऊ शकतो, आणि बाहेरून बघून आतलं सारण कुणालाच कळत नाही. डबा एका हातातून दुसऱ्या हातात जातो, तुम्ही तोंडी सांगितलेलं मागे राहतं. बिनदाण्याची चॉकलेटंही त्याच मिक्सरच्या आणि साच्यांच्या आसपास बनवली असतील तर तेही लिहा. घरात कुत्रा असेल तर डबा त्याच्यापासून लांब ठेवायला सांगा, चॉकलेट कुत्र्यांना विषारी असतं.

ठेवायची हवाबंद डब्यात, थंड आणि कोरड्या जागी. उकाडा फार असेल तर फ्रिज चालेल, पण बाहेर काढल्यावर डबा लगेच उघडू नका. आतली चॉकलेटं खोलीच्या तापमानाला आली की मगच झाकण काढा, नाहीतर त्यांच्यावर दव धरतं, साखर विरघळते आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. भांड्यात उरलेलं चॉकलेट बटर पेपरवर पसरून ठेवा. पाणी किंवा सारण लागलेलं नसेल तर पुढच्या खेपेला तेच वितळवून पुन्हा टेम्पर करता येतं.