जुन्या कॉम्प्युटरला नवं काम
आज नांदेडला वजिराबादेत जाऊन जुन्या कॉम्प्युटरसाठी ग्राफिक्स कार्ड आणलं. आईला टीव्हीवर कीर्तनं बघायचीत, पोरांना सिनेमे. दुकानदारानं आधी जीटी ७१० हे कार्ड पुढं केलं. स्वस्त आहे, पण एचईव्हीसी (व्हिडिओ दाबून लहान करायची एक पद्धत) व्हिडिओचा सगळा भार प्रोसेसरवरच टाकतं, मग चित्र अडकतं. म्हणून जीटी १०३० घेतलं. २०१७ चं कार्ड, ३० वॉट, वेगळी पॉवरची वायर लागत नाही. जुना एसएमपीएस, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा, सहज पेलतो. एव्ही१ या त्याहून नव्या व्हिडिओ पद्धतीची सोय नाही, आमचं त्यावाचून अडत नाही. पंखा नसलेलंच मागून घेतलं, कीर्तनात घरघर नको! कॅबिनेट बारीक, म्हणून कार्डाची मोठी पट्टी काढून खोक्यातली छोटी लावली. एचडीएमआय जोडताच आवाजही टीव्हीतूनच आला. आमच्याकडचं मे महिन्यातलं ऊन बघता कॅबिनेटचा पंखा तेवढा साफ करून घ्यायचाय.