कणेरी मठातली आज्जी

जात्यावर दळणाऱ्या बाईच्या पुतळ्यासमोर एक आज्जी थांबल्या आणि नातवाला म्हणाल्या, "एक पाय लांब सोडून बसायचं असतंय रं, न्हाईतर कंबर मोडती."

नातू सेल्फीत बिझी.

कोल्हापूरजवळच्या कणेरी मठाच्या म्युझियममध्ये बारा बलुतेदार, अठरा अलुतेदार सगळे सिमेंटमध्ये उभे केलेत, आणि काम खरंच भारी आहे, नजर हटत नाही, पण कंबर कशानं मोडते हे पुतळा कसं सांगणार? मूळचं काडसिद्धेश्वर स्वामींच्या परंपरेचं ठाणं, आता रविवारी पार्किंगला जागा मिळत नाही, आणि निम्मी पब्लिक देवळात न जाता थेट म्युझियमच्या तिकिटाला (मी पण त्यातलाच).

अशा आज्ज्यांनाच तिथं गाईड म्हणून का बसवत नाहीत ओ?