मदरबोर्ड गेला नव्हता

गेला महिनाभर आमच्याकडे एकच रड, "अरे, तो परत बंद झाला बघ." तो म्हणजे बाबांचा कॉम्प्युटर. बाबा अख्ख्या डब्याला सीपीयू म्हणतात (खरं तर तो आतला प्रोसेसर), मी समजावणं सोडलंय. रिटायर झाल्यापासून ते घरातले जुने फोटो स्कॅन करून त्याचे व्हिडिओ बनवतात, आणि व्हिडिओ बनायला लागला की पाच-सात मिनिटांत फट्‌ करून रिस्टार्ट. नुसती पत्रिका टाइप करा, दिवसभर काही होत नाही.

ओळखीच्या दुकानात नेला. तिथल्या पोराने एसएमपीएस (आतल्या सगळ्याला वीज पुरवणारा डबा) सुटा केला, तो नुसताच चालू करायला मोठ्या कनेक्टरमधली हिरवी वायर आणि शेजारची काळी तारेच्या तुकड्याने जोडली, त्याचा पंखा फिरला. "भिया, पावर तो ओके है, मदरबोर्ड गया." बोर्ड, प्रोसेसर, रॅम मिळून बारा हजार. बाबा तयारही झाले होते, मीच डबा उचलून रामबागेत घरी परत आणला. बरं, आपण काही इंजिनियर नाही, पण रविवार होता आणि पोहे खाऊन झाले होते.

आधी साइड पॅनल काढलं. इंदूरच्या उन्हाळ्यातली धूळ कूलरच्या पात्यांमध्ये नमद्यासारखी बसलेली, ती ब्रशने काढली (पंखा बोटाने धरून ठेवायचा, गरगर फिरू द्यायचा नाही). तापमान बघितलं तर फुल लोडवर ६२ डिग्री, म्हणजे गरम होऊन बंद पडत नव्हता. मग रॅम काढून सोनेरी पट्टी खोडरबरने पुसली, एकेक स्टिक लावून बघितली, रात्रभर मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्राम) चालू ठेवली, एकही एरर नाही. बोर्डवरचे कपॅसिटर टॉर्च मारून बघितले, सगळ्यांची डोकी सपाट, खराब होऊन फुगलेलं एक नाही. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे त्याच्या नोंदींमध्ये, कर्नल-पॉवर ४१ ची रांग लागलेली, पण तो मेसेज एवढंच सांगतो की मशीन नीट शटडाउन न होता बंद पडलं, का पडलं ते नाही. तरी निळी स्क्रीन एकदाही आली नव्हती, सरळ अंधार, म्हणून माझा संशय परत पॉवरवरच.

मग मल्टिमीटर काढला. डीसी २० व्होल्टवर ठेवून काळी पिन काळ्या वायरला, लाल पिन पिवळ्या वायरला, हार्ड डिस्कच्या जुन्या चार पिनवाल्या कनेक्टरमध्ये. नुसता डेस्कटॉप उघडा असताना १२.०३. झकास. बाबांना म्हटलं आता व्हिडिओ लावा. ११.७, ११.५, ११.३... बाबा चष्मा वर करून मीटरकडे बघतायत, मी श्वास धरून, आणि ११.१ ला फट्‌! बाबा म्हणाले, "हे तर आपल्या जुन्या स्कूटरच्या हेडलाइटसारखं झालं, हॉर्न वाजवला की मंद."

अगदी तेच. बारा व्होल्टच्या लाइनला पाच टक्के इकडेतिकडे चालतं, म्हणजे ११.४ ते १२.६. दुकानातल्या पोराने पंखा फिरवून बघितला, पण पंख्याला करंट लागतो तो किती! प्रोसेसर जोरात ओढायला लागल्यावर सप्लाय बसतो की टिकतो, ते बिनालोडचं कळतच नाही. आमच्या एसएमपीएसवर ४५० वॅट लिहिलंय आणि हातात घेतला तर रिकाम्या डब्यासारखा हलका. उघडून बघायचा मोह झाला होता, पण आत मेनच्या कपॅसिटरवर सव्वातीनशेच्या आसपास व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही थोडा वेळ राहू शकतात, तेव्हा ते स्क्रू मी तसेच ठेवले.

सिल्व्हर मॉलमधून चांगल्यापैकी नवीन आणला, हातात घेतल्या घेतल्याच वजनदार लागला. लोडवर ११.९६ च्या खाली काटा नाही, म्हणजे काटा कसला, डिजिटल आहे. बाबांचा चाळीस मिनिटांचा व्हिडिओ एका दमात निघाला.

आणि लगेच तक्रार, "घड्याळ मागे का दाखवतंय?" पाच दिवस प्लग काढलेला होता आणि प्लग नसताना घड्याळ चालू ठेवणारा बोर्डवरचा तीन व्होल्टचा सेल २.३ वर आलेला. रात्री साडेनऊला सीआर२०३२ नंबरचा बटणासारखा सेल कुठून आणणार, स्वैपाकघरातल्या वजनकाट्याचा काढून लावला. आईला अजून सांगितलेलं नाही.