दोन खासदारांच्या राज्याचं ऐकतं कोण?

हा प्रश्न बाहेरगावचे पाहुणेच विचारतात असं नाही. इथं गोव्यात, पेडण्याच्या बाजारात भेटणारे माझे जुने विद्यार्थीही विचारतात, "सर, लोकसभेत आपले दोन, राज्यसभेत एक. दिल्लीत आपलं ऐकतं कोण?" बरीच वर्षं नागरिकशास्त्र शिकवल्याचं हे फळ. हातात मासळीची पिशवी असताना जे अर्धवट सांगतो, ते आज सविस्तर सांगतो.

खासदारांच्या संख्येला महत्त्व आहेच. पण माझ्या मते त्याहून जास्त महत्त्व दुसऱ्या गोष्टींना आहे. त्या विषयासाठी दोन्ही बाजूंनी एकत्र बसायची कायमची जागा आहे का? तिथं मतं कशी मोजतात? आणि कुणी किती पैसे घालायचे, हे भांडण सुरू होण्याआधी लिहून ठेवलंय का?

जीएसटी परिषद घ्या, म्हणजे वस्तू आणि सेवा कराबद्दल केंद्र आणि राज्यं एकत्र बसतात ती जागा. तिथं केंद्राच्या मताचं वजन एक तृतीयांश, सगळ्या राज्यांचं मिळून दोन तृतीयांश, आणि निर्णयाला तीन चतुर्थांश मतं लागतात. म्हणजे केंद्र नको म्हणालं तर काही होत नाही, पण केंद्राला एकट्याच्या बळावर काही करताही येत नाही. आणि राज्याराज्यांत लहानमोठं नाही. 80 खासदारांच्या उत्तर प्रदेशाचं मत आणि गोव्याचं मत सारखंच. सप्टेंबर 2019मध्ये परिषदेची बैठक पणजीत झाली, तेव्हा 7500 रुपयांहून महाग हॉटेलखोल्यांवरचा कर 28 टक्क्यांवरून 18वर आला. पर्यटनावर जगणाऱ्या राज्याला हेच हवं होतं. यजमानाची भीड पडली म्हणून झालं असं मी म्हणणार नाही, पण आमचं म्हणणं ऐकून घ्यायला तिथं खुर्ची होती, हे नक्की.

आता पाणी. इथं मी जरा रेंगाळणार आहे.

आमच्या पेडण्याला, बार्देशला, डिचोलीला तिळारीचं पाणी मिळतं. धरण दोडामार्ग तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात. 1990च्या करारात खर्चाचे वाटे टक्केवारीच्या दशांशानंतरच्या दोन आकड्यांपर्यंत लिहिलेले आहेत : गोवा 73.30, महाराष्ट्र 26.70. वर दोन्ही राज्यांचं मिळून एक नियंत्रण मंडळ. सगळं गोड झालं असं नाही. गाव सोडावं लागलेल्या प्रकल्पग्रस्तांचा नोकऱ्यांचा प्रश्न वर्षानुवर्षं चिघळला. कालवा फुटतो दोडामार्गात आणि चांदेलचा, अस्नोड्याचा जलशुद्धीकरण प्रकल्प अडतो. नळ कोरडे पडतात ते आमचे. तेव्हा दोन्हीकडचे अभियंते एकमेकांना फोन करतात, कुरकुरतात, कालवा सांधतात. पाणी येतं. या फोनाफोनीची बातमी आतल्या पानावरही येत नाही, पण संघराज्य चालतं म्हणतात ते असं.

त्याच सह्याद्रीच्या कुशीतली म्हादई बघा. कर्नाटकात उगम, गोव्यात येऊन मांडवी, खोऱ्याचा थोडा भाग महाराष्ट्रात. कर्नाटकाला कळसा आणि भांडुरा या नाल्यांचं पाणी मलप्रभा नदीत वळवायचंय. इथं आधीचा करार नाही, वाटे ठरलेले नाहीत. राज्यघटनेत पाणी राज्यांच्या यादीत, पण आंतरराज्य नद्यांचं नियमन केंद्राच्या यादीत. मग आंतरराज्य पाणीतंट्यांच्या 1956च्या कायद्याखाली लवाद मागायचा. गोव्यानं तो 2002मध्ये मागितला, 2006मध्ये सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली, लवाद नेमला गेला 2010मध्ये आणि निवाडा आला ऑगस्ट 2018मध्ये : गोव्याला 24 टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट), कर्नाटकाला 13.42, महाराष्ट्राला 1.33. तिन्ही राज्यं पुन्हा सर्वोच्च न्यायालयात गेली. दरम्यान 2020मध्ये केंद्रानं निवाडा अधिसूचितही केला.

"सगळीकडे एकाच पक्षाचं सरकार असलं की सुटेल," असं सांगणारे भेटतात. डिसेंबर 2022मध्ये केंद्रीय जल आयोगानं कर्नाटकाच्या प्रकल्प अहवालाला मंजुरी दिली, तेव्हा दिल्ली, पणजी आणि बेंगळुरू तिन्हीकडे एकच पक्ष होता. पाणी पक्ष बघत नाही, मतदारसंघ बघतो.

पण पुढची गंमत मला जास्त आवडते. त्यानंतर लगेच, जानेवारी 2023मध्ये, गोव्याच्या मुख्य वन्यजीव वॉर्डननं कर्नाटकाला कारणे दाखवा नोटीस धाडली. आधार काय, तर केंद्राचा 1972चा वन्यजीव कायदा. त्याच्या कलम 29 प्रमाणे अभयारण्यात येणारं किंवा तिथून जाणारं पाणी वॉर्डनच्या परवान्याशिवाय वळवता येत नाही, आणि म्हादई अभयारण्य आमच्या सत्तरीत आहे. कायदा संसदेचा, अधिकारी राज्याचा, रोख शेजारच्या राज्यावर. मुलांना केंद्र, राज्य, स्थानिक असे तीन मजले फळ्यावर काढून दाखवायचो, त्या चित्रात हे कुठं बसवणार?

फेब्रुवारी 2023मध्ये निवाड्याच्या अंमलबजावणीसाठी 'प्रवाह' नावाचं प्राधिकरण मंजूर झालं, मुख्यालय पणजीत. एकत्र बसायची जागा झाली म्हणायची, पण भांडण वीस वर्षं मुरल्यावर. तिळारीत आधी करार झाला होता.

आणि कधी केंद्र विचारतच नाही. 2016च्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्यानं मांडवी, जुवारी, कुंभारजुवे, म्हापसा, साळ आणि आमची शापोरा यांना जलमार्ग ठरवून टाकलं. कितीतरी ग्रामसभांनी विरोधाचे ठराव घेतले. ठरावाचं मोल राजकीय. संसदेच्या कायद्यापुढं त्याला कायद्याचं बळ नाही. 'नद्यांचं राष्ट्रीयीकरण' या आरोळीत अतिशयोक्ती होती असं मला तेव्हाही वाटत होतं. पण नदीकाठच्या मासेमाराला आधी विचारलं असतं, तर आरोळीची वेळच आली नसती.

इथपर्यंत ऐकलं की विद्यार्थी खूश होतात. दिल्लीला दोष दिला की सगळेच खूश होतात. म्हणून पुढचं मुद्दाम सांगतो. 73व्या घटनादुरुस्तीनं पंचायतींकडे सोपवता येतील असे 29 विषय अकराव्या अनुसूचीत घातले. पिण्याचं पाणी त्यातलंच. पंचायतराज कायदा गोव्यानं 1994मध्ये केला, तरी नळाचं पाणी आजही राज्याचंच खातं पुरवतं. ग्रामसभेत कुणी नळाचं विचारलं की सरपंच म्हणतो, "ते खात्याकडं आहे, पत्र पाठवतो." दोन खासदारांचं दिल्लीत कोण ऐकतं हे विचारणाऱ्याला मी उलट विचारतो, आपल्या सात पंचांचं पणजीत कोण ऐकतं? त्यावर बहुतेकांना एकदम घरी जायची घाई होते.