दोन बोटं वर आलेला सूर्य

आइसलँडचे पहिले पाच दिवस एका ओळीत संपतात: अंधार, बोचरा वारा, महागडं सूप, आणि नॉर्दर्न लाइट्स दिसल्याच नाहीत. लिहावंसं वाटतंय ते 21 डिसेंबरबद्दल.

रेक्याविकपासून बसने अडीच तासांवर, दक्षिण किनाऱ्यावर रेनिसफियारा आहे. काळी वाळू, समोर अटलांटिक, मागे बेसॉल्टचे खांब. आपल्या सह्याद्रीचाच काळा पाषाण, पण पेन्सिलींच्या जुडीसारखा उभा. एखादी लाट अचानक आत घुसून माणसाला ओढून नेते, म्हणून पाण्याकडे पाठ करायची नाही, असं बसमध्येच बजावलं होतं.

सव्वा वाजला होता. तिथे मध्यान्ह तेव्हाच होते. अकराच्या सुमारास उगवलेला सूर्य साडेतीनच्या आत मावळणार होता. म्हणजे दिवसभरात चढायचा तेवढा तो चढलेला होता, आणि तरी समुद्रापासून जेमतेम तीन अंश वर! हात लांब करून आडवी धरलेली दोन बोटं, बस.

तेवढ्यात साताऱ्याहून आईचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे पावणेसात, दिवेलागण झालेली.

“अगं, भर दुपारी अशी तिन्हीसांज? सूर्य तिकडून फार लांब पडतो का?”

शाळेत मीही हेच समजायचे. पण पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ येते तीच जानेवारीच्या सुरुवातीला, जुलैपेक्षा सुमारे 50 लाख किलोमीटर जवळ. साताऱ्याला आणि इथे येणारे किरणही जवळजवळ समांतरच. वळते ती जमीन, कारण पृथ्वी गोल. त्यात तिचा आस साडेतेवीस अंश कललेला, आणि डिसेंबरात उत्तरेचं टोक सूर्यापासून पलीकडे झुकलेलं.

आईला दाखवायला हातमोजा काढला. तळवा सूर्यासमोर उभा धरला, केशरी उजळला. तोच आडवा केला तर विझला, नुसत्या कडा चमकत राहिल्या. आडवा तळवा म्हणजे इथली जमीन. साताऱ्यात याच दिवशी दुपारी सूर्य 49 अंशांवर असतो. इथे मात्र उन्हाचा झोत, तो थेट डोक्यावरून पडला असता तर जेवढी जागा लागली असती, तिच्या सतरा-अठरापट जागेवर पसरतो. शिवाय हवेच्या कितीतरी लांब वाटेतून गाळून येतो.

मागे वळून पाहिलं तर उभे खांब माझ्या तळव्यासारखेच पेटले होते आणि त्यांच्या पायथ्याची वाळू निळसर, गारठलेली. त्या दगडाला हात लावून बघायचं होतं. पण टूरवाल्यांनी दिलेली चाळीस मिनिटं संपली आणि हॉर्न वाजला. साडेचार तासांच्या दिवसातली मध्यान्ह अशी कापून घेतात, याचा राग अजून गेलेला नाही.

बसकडे पळताना फोनमध्ये पाहिलं. आई देवघरात समईपुढे हात एकदा उभा, एकदा आडवा धरून बघत होती.