लाल बाण, जांभळा बाण

बाईंनी घोडा थांबवला आणि मी इंजिन बंद केलं. त्या दिवशी मी बरोबर केलेली गोष्ट एवढीच.

मेहुणा कोल्हापूरहून तीन आठवड्यांसाठी आला होता. लंडन, ऑक्सफर्ड, बाथ हे सगळं रीतसर उरकलं. फोटो बायकोने टाकलेत, तिथे बघून घ्या. बाथला दोन चहा आणि एका केकचं बिल बघितल्यावर गडी गप्प झाला तो स्विंडनला घरी पोचेपर्यंत बोलला नाही. रात्री जेवताना म्हणाला, "दाजी, दगडी इमारती लई झाल्या. तुमची ती जीप चिखलात न्या की एकदा."

ती जीप म्हणजे माझी सेकंडहँड जिम्नी. वर्षापूर्वी घेतली तेव्हा मलाही वाटलं होतं की दिसेल त्या माळावर गाडी घालायची. इथे तसं काही चालत नाही. माळ कुणाच्या तरी मालकीचा असतो. गाडी जाते ती मुख्यतः 'बायवे ओपन टू ऑल ट्रॅफिक' अशी नोंद असलेल्या वाटेवर, आणि ती वाट कायद्याने रस्ताच असते, डांबर तेवढं नसतं. म्हणून विमा, रोड टॅक्स, एमओटी म्हणजे गाडीची वार्षिक तपासणी, लायसन्स सगळं लागतं, आणि नंबरप्लेट चिखलाने झाकली तर तोही गुन्हा. ऑफिसातल्या गोऱ्या पोरांना हे समजावून घ्यायला वेळ लागतो. मी सांगली जिल्ह्यातला, मला एका शब्दात कळलं: पाणंद.

पहिल्यांदा गेलो होतो ते जूनमध्ये, जाणत्या लोकांबरोबर. चार गाड्या, त्याहून जास्त नाहीत. पुढे एक रिटायर्ड गृहस्थ, त्यांची लँडरोव्हर माझ्यापेक्षा वयाने मोठी असावी. ताशी बारा मैलांच्या वर काटा जाऊ दिला नाही त्यांनी. गेट जसं सापडेल तसं ठेवायचं, उघडं तर उघडं, बंद तर बंद. सॅल्सबरी प्लेन या मोठ्या माळरानावर लष्कराचा सराव चालतो, १८९७ पासून त्यांनी इथे जमीन घ्यायला सुरुवात केली. लाल निशाण दिसलं की मागे फिरायचं, वाद नाही.

एका ठिकाणी मोठं डबकं होतं. मी सांगलीच्या सवयीने कडेच्या गवतावरून वळसा घालायला लागलो, तर ते हात दाखवत पळत आले. त्यांनी आधी काठी घालून खोली बघितली आणि मला मधून जायला लावलं. वळसा घातला की वाट रुंद होते, पुढचा अजून थोडा बाहेरून जातो, आणि पाच वर्षांत शेतकऱ्याचं शेत वाटेत जातं. जाता जाता त्यांनी अजून एक सांगितलं. प्लेनवर रणगाड्यांच्या चाकोऱ्यांत पावसाचं पाणी साचतं, त्यात फेअरी श्रिम्प नावाचा बोटाच्या पेराएवढा पारदर्शक जीव राहतो, उताणा पोहतो. डबकं आटलं की त्याची अंडी सुक्या मातीत वाट बघत पडून राहतात आणि चिखलासोबत चाकांना चिकटून दुसऱ्या डबक्यात जातात. रणगाड्यावर जगणारी कोळंबी! मी त्या दिवशी घरी येऊन बायकोला इंजिनबद्दल काही न सांगता फक्त हेच सांगितलं.

त्यांनी निघताना दोनदा बजावलं होतं: एकट्या गाडीने जाऊ नका.

तर मी मेहुण्याला घेऊन एकट्या गाडीने गेलो. ऑगस्टअखेर, आठवडाभर पाऊस नाही, नकाशा सोबत. ऑर्डनन्स सर्व्हेच्या एक्सप्लोरर नकाशावर बायवे म्हणजे हिरव्या फुल्यांची ओळ. ती मी आदल्या रात्री बोट फिरवून पाठ केली होती. टायरची हवा वीसपर्यंत उतरवली, गाडी लो गिअरमध्ये टाकली. खाली पांढरी खडूची जमीन. कोरडी असली की सिमेंट, ओली झाली की साबण. दोन्ही बाजूंनी काटेरी झुडपांवर काळी फळं लगडलेली, मेहुणा काच खाली करून तोडून खात होता. फार छान चाललं होतं. छान चाललं होतं म्हणूनच एका ठिकाणी कुंपणाची ओळ बदलली, लाकडी खांब आला, त्यावरची बांगडीएवढी गोल चकती मी बघितली न बघितल्यासारखी केली आणि पुढे गेलो. वाट तीच. तेवढीच रुंद, त्याच दोन चाकोऱ्या, मध्ये तेच गवत.

तीन-चारशे मीटर पुढे त्या बाई आल्या. सत्तरीच्या असाव्यात. घोडा बिचकू नये म्हणून इंजिन बंद. वाटलं, आता 'थँक यू' म्हणतील. त्या म्हणाल्या, तुम्ही कुठे आहात हे तुम्हाला माहीत आहे का?

आवाज चढलेला नव्हता. मला तेच जास्त लागलं. त्यांनी चाबकाच्या मुठीने मागे दाखवलं: त्या खांबापासून पुढे 'रिस्ट्रिक्टेड बायवे' आहे. पायी, सायकल, घोडा, घोडागाडी चालेल. मोटर नाही. १९८८ च्या रोड ट्रॅफिक अ‍ॅक्टने गुन्हा आहे हा, हे मला तोंडपाठ होतं. परीक्षेत पेपर कोरा दिल्यासारखं वाटलं.

मी विचारलं, पण वाट तर तीच आहे? त्या म्हणाल्या, पॅरिश बदलली.

म्हणजे गावाची शिव. १९४९ च्या कायद्यानंतर इथे वाटांची मोजणी झाली ती पॅरिशवार. एका गावाने लिहिलं एक, शेजारच्याने त्याच वाटेला लिहिलं दुसरं. पुढे मे २००६ मध्ये कायदा बदलला. जुन्या गाडीवाटेवर मोटरचा हक्क नकाशात चढलेला नसेल तर तो बहुतेक ठिकाणी गेलाच. 'सार्वजनिक पायवाटेसारखा वापरला जाणारा रस्ता' अशा गोलमाल नावाने नोंदलेल्या वाटा त्याच दिवशी रिस्ट्रिक्टेड झाल्या. जमिनीवर काही हललं नाही. कौन्सिलच्या कपाटातला डेफिनिटिव्ह मॅप, म्हणजे वाटांचा अधिकृत नकाशा, म्हणेल ते खरं, आपल्या गावनकाशातल्या गाडीवाटेच्या तुटक दुरेघीसारखं.

मेहुण्याला मी हे सगळं मराठीत सांगत होतो. तो घोड्याकडे बघत होता. म्हणाला, "दाजी, म्हंजे बैलगाडी आणली असती तर चाललं असतं?"

मी बाईंना भाषांतर करून सांगितलं. त्या पहिल्यांदाच हसल्या, थोडा विचार केला आणि म्हणाल्या, कायद्याने चाललं असतं. मग घोडा वळवून कडेला घेतला आणि आम्ही मागे जाईपर्यंत तिथेच थांबल्या. मदत म्हणून की पहारा म्हणून, कुणास ठाऊक.

वळायला जागा नव्हती. चारशे मीटर रिव्हर्स. मेहुणा मागे उलटा चालत, ऊसाची ट्रॉली फडात लावतात तसा दोन्ही हातांनी खुणावत होता, "येऊ द्या, येऊ द्या, डावीकडं ओढा, हां." आयुष्यात इतका लांब चारशे मीटर मी चाललो नाही. मानेत उसण भरली ती पुढे आठवडाभर होती.

खांबापाशी पोचल्यावर त्याने रुमालाने चकती पुसली. शेवाळ गेलं, खाली बाण. बायवेचा बाण लाल असतो, रिस्ट्रिक्टेडचा जांभळा. हा उन्हाने विटून असा झाला होता की जुन्या लुगड्याचा रंग म्हणावा. "ह्यो लाल न्हाई ओ दाजी," मेहुणा म्हणाला. नकाशा उघडला. त्यावर फुल्यांची ओळ शिवेवर संपत होती आणि पुढे एकाआड एक बाजूला काड्या निघालेली तुटक रेघ होती. आदल्या रात्री माझं बोट तिच्यावरून तसंच पुढे गेलं होतं.

रात्री बाबांना व्हिडिओ कॉल केला. आमच्या पाणंदीवर शेजाऱ्याने नांगर घातला होता, तेव्हा बाबांनी १९०६ च्या मामलेदार कोर्ट अ‍ॅक्टखाली तहसीलदाराकडे खेटे घातलेले. माझं अख्खं बारावीचं वर्ष त्यात गेलं. त्यांनी सगळं ऐकलं, घोड्याचं, बैलगाडीचं.

"तिथं पाणंदीवर कुणी नांगर घालत नाही?"

"बायवे नांगरताच येत नाही, कायद्यानं."

"आपल्याकडं तरी कुठं येतोय," बाबा म्हणाले, आणि आईला चहा टाकायला सांगितला.